शिसवी मुठीचा चाकू

१६ ऑक्टोबर १९७२, खंडेनवमी

आज खिसा रिकामा. खंडेनवमीला हत्यार वापरायचं नाही, त्यामुळं वर्षातून हा एवढाच दिवस मी चाकूविना काढतो. सकाळपासून हात उगाच खिशात जातोय आणि हात हलवत परत येतोय.

पाटावर सगळे चाकू मांडले, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. रेल्वेत मालधक्क्यावर नोकरी झाली, जिथं बदली झाली तिथून एक चाकू आणला. मनमाडचा पितळी मुठीचा, दौंडचा सांबरशिंगाचा, खटक्याचा रामपुरी, आणि असे कितीतरी. वार ठरलेले आहेत. बुधवारी पितळी, शुक्रवारी सांबरशिंग. बायको रतनबाई म्हणते, "बायका लुगडी बदलत्यात तसं तुमी चाकू बदलता." बदलतो. कुणाच्या बापाचं काय जातं?

पाटावर एक जागा मात्र मोकळी राहिली. बाजारच्या दिवशीचा शिसवी मुठीचा चाकू अजून खाजा धारवाल्याकडंच आहे. तो खाजाच्या बापानं, जैनुद्दीन शिकलगारानं, माझ्या लग्नात घडवून दिला होता. हळद लागल्यापासून नवरदेवानं हातात लोखंड बाळगायचं, त्याच्या टोकाला लिंबू टोचायचं, ते लिंबू मी याच चाकूला टोचलं होतं. नवरात्राआधी दर साली खाजा सगळे चाकू धारेला नेतो आणि सगळे आणून देतो. यंदा हा एकच ठेवून घेतला. काल विचारलं तर म्हणाला, "ऱ्हायला रं. देतो सवडीनं." बोलताना माझ्याकडं न बघता रतनबाईकडं बघत होता. तिला एकदम चुलीवरच्या दुधाची आठवण झाली. दूध चुलीवर नव्हतंच. रोजे चालू असल्यानं खाजानं चहाही घेतला नाही.

रतनबाईच्या बोटाची पट्टी सुटली एकदाची. गेल्या महिन्यात मी पेरूच्या फोडी करत होतो, हिनं मधेच हात घातला. चाकू चालू असताना मधे हात घालू नये एवढी अक्कल नको? बोट चांगलंच खोल कापलं. तेव्हापासून मी चाकू उघडला की ही बाई काम सोडून माझ्या हाताकडं बघत बसते.

२० ऑक्टोबर

सांबरशिंगी चाकूनं मोसंबं कापेना. पातं सालीवरनं घसरतंय. दाबलं तर रस धोतरावर, साल जिथल्या तिथं. पितळी काढला, त्याचीही तीच गत. रामपुरीचा खटका तेवढा जोरात वाजतो, पुढं काही नाही.

म्हणजे खाजानं यंदा कामात पाट्या टाकल्या. खाजानं! ज्याच्या धारेला केस लावला की केसाचे दोन व्हायचे, त्यानं. बालपणापासून एका ताटात जेवलो, म्हणून काय माझं काम कसंही करायचं?

रतनबाई म्हणाली, "मी विळीवर कापून देते की. तुमी गप्पा मारा." मी काय गप्पा मारायला मोसंबं घेऊन बसलो होतो?

शाईही अलीकडं फिकी मिळते. लिहिलेलं पुसट दिसतं, ओळीवर ओळ चढते. सगळ्याच मालाची नासाडी चाललीय.

२४ ऑक्टोबर

आज बाजारात खाजाशी भांडण झालं. अंगाचा अजून तिळपापड होतोय.

पिंपळाखाली त्याचं धारेचं चाक असतं. गेलो, सांबरशिंगी चाकू पुढं केला आणि म्हटलं, "धार लावतोस का पुसतोस?" चार माणसं होती. तो हसला. "दुष्काळ हाय रंगनाथ, लोखंडाला बी तहान लागली आसंल." चाकावर पातं फिरवलं, ठिणग्या बिणग्या उडवल्या, आणि चाकू खाली पोत्यावर ठेवला. मी उचलला, अंगठ्यावर फिरवून बघितला. उलथनं बरं!

"आणि शिसवी?"

"ह्या बाजारी न्हाई. पुढल्या बाजारी."

"खाजा, तुझ्या बापानं घडवला म्हणून तो तुझा होत नाही."

त्याचं हसू गेलं. चाक थांबलं. न्हाव्याचा छगन वस्तऱ्यांना धार लावून घ्यायला बसला होता, तोही बघत राहिला. मला वाटलं खाजा काहीतरी बोलेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं. हा एवढंच म्हणाला, "घरला जा. रोजा हाय माझा, तोंड वाईट करू नगं."

मग माझं डोकंच फिरलं. सांबरशिंगी चाकू उघडाच त्याच्या तळहातावर आपटला. "हाही ठेव. दोन्ही ठेव. चोराला शोभतील." आणि निघालो.

घरी सांगितलं तर रतनबाई मटकन खाली बसली. "लोखंड हातात दिलं? खाली ठिवायचं, मग दुसऱ्यानं उचलायचं, येवढं बी भान न्हाई ऱ्हायलं? आता वैर हुईल." म्हटलं, वैर व्हायचं ते आधीच झालंय. ती पदर डोळ्याला लावून आत गेली. चाकूसाठी हिला रडू कशाला यावं?

थोड्या वेळानं सांबरशिंगी चाकू ओट्यावर दिसला. खाजा ठेवून गेला होता. शिसवी नव्हता.

५ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पणत्यांना यंदा कडी पडलीत. प्रत्येक ज्योतीभोवती चंद्राच्या खळ्यासारखं खळं. पाऊस नाही, हवेत धूळ फार, म्हणून असणार. रतनबाईला दाखवलं. ती म्हणाली, "व्हय, हायत खळी." पण बघताना तिची नजर पणतीकडं नव्हती, माझ्याकडं होती.

छगन दाढी करायला आला होता. त्याला सगळं सांगितलं. खाजाची धार गेली, नियतही गेली. छगन म्हणाला, "आन्ना, तुमी चाकूतलं जानतं मानूस. तुमचा शब्द म्हंजी शब्द. मी बी माझं वस्तरं आता सिरामपुरात देतो." म्हटलं, शहाणा आहेस.

८ नोव्हेंबर, ईद

दर ईदेला सकाळी मी खाजाच्या ओसरीवर असतो. आज घरीच बसलो. दुपारी खाजाच्या घरून बानूवहिनीनं शीरखुर्म्याचा डबा पाठवला. मी बोट लावलं नाही. रतनबाईनं माझ्यासमोर वाटीभर खाल्ला, वर म्हणाली, "माणसावर राग आसंल, शेवयांवर कशापायी?"

संध्याकाळी डबा परत पाठवायचा तर रिकामा पाठवू नये म्हणून हिनं त्यात गूळ घातला. मी घालू दिला. खारीक फार छान शिजलेली असते बानूवहिनीची. वास घरभर होता.

२१ नोव्हेंबर

श्रीरामपूरला जाऊन आलो. तिथं नवा धारवाला बसतो, पोरसवदा, पण हात साफ. सांबरशिंगी कोपऱ्यातच पडलाय, बाकीचे सगळे चाकू लावून आणले. घरी येऊन मोसंबं कापलं, लोण्यासारखं! रतनबाईला म्हटलं, बघ, याला म्हणतात धार. तिचं तोंड उतरलं.

परतताना राहुरीच्या गाडीत बसलो. कंडक्टरनं उतरवलं. गाड्यांच्या पाट्या आता नीट रंगवत नाहीत, माणसानं वाचायचं कसं?

२५ नोव्हेंबर

नव्याची धारही गेली! चार दिवसांत! पितळी बोथट, रामपुरी बोथट. काल दुपारी माझा डोळा लागला होता, तेव्हा पाट्यावर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. जागा होऊन विचारलं, चटणी वाटतेस का? म्हणाली, व्हय. जेवताना पानात चटणी नव्हती. विचारलं तर म्हणाली, "खारट झाली, टाकून दिली."

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं चाललंय या जगात. कुणाच्याच कामात राम उरला नाही. धार टिकवायची विद्या एकट्या खाजाकडं होती, तीही त्यानं विकून खाल्ली.

तरी चाकू खिशात ठेवतो. सवय आहे. बोथट का असेना, खिशाला वजन लागतं.

१२ डिसेंबर

छगननं बातमी आणली. खाजा दुष्काळी कामावर जातो. खडी फोडतो. म्हणे धारेला कुणी येईना. न्हावी गेले, खाटीक गेला, मग कोयते-विळेवालेही गेले. एकानं तोंड फिरवलं की गाव फिरवतं. चाक घरात उभं करून ठेवलंय.

मी म्हटलं, "ज्याची धार गेली त्यानं दगडच फोडावेत."

छगन हसला नाही. तोही मेला कधी नको तेव्हा हसतो आणि हवं तेव्हा हसत नाही.

जेवण गेलं नाही. भाकरी कडक होती. रतनबाई सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. मी काय केलं? खरं ते बोललो. चाकू बोथट आहेत हे खोटं आहे का? हातच्या काकणाला आरसा कशाला?

१९ डिसेंबर

खाजा या वयात घण कसा उचलत असेल? त्याचा उजवा खांदा उतरलेला आहे. पोरपणी आम्ही चिंचा पाडत होतो, मीच फांदी हलवली होती, तेव्हा पडला होता.

जाऊ दे. शिसवी चाकू आणून देईना का, मग बघू.

९ जानेवारी १९७३

छगननं दाढी करताना गाल कापला. रक्त थांबेना. मी ओरडलो तर म्हणतो, "आन्ना, वस्तरा सिरामपूरचा हाय. खाजाभाईचा आसता तर कापला नसता. तुमीच तिकडं द्या म्हनलात." आणि मग जवळ येऊन, अगदी नाकाला नाक लावून, माझ्या डोळ्यांत बघत राहिला. "आन्ना, ह्यो उजव्या डोळ्यात पांढरं काय हाय? मोती उतरलाय की तुमच्या! डावा बी पिकत आलाय. दिसतंय का न्हाई?"

"दिसतं म्हणजे? तू दिसतोस की!"

"माझ्या हातात काय हाय?"

"वस्तरा."

"फनी हाय, आन्ना."

रतनबाई दारात उभी होती. तिनं जो सुस्कारा सोडला तो मला अंगणात ऐकू आला. इतके दिवस श्वास रोखून धरला असावा तसा.

नगरच्या दवाखान्यात जायचं ठरलंय. मोतीबिंदू! मला! मी अजून सुईत दोरा ओवतो. ओवत होतो. गेल्या वर्षी ओवला होता.

२ फेब्रुवारी

उद्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. भीती वाटते, हे इथं लिहायला हरकत नाही. खिशातला चाकू नर्सबाईंनी काढून घेतला. उघडून बघितला आणि म्हणाल्या, "बाबा, हा कशाला बाळगता? यानं तर लोणीही कापायचं नाही." आता नर्सलाही कळलं.

पुढं लिहायची बंदी आहे.

२२ मार्च

आज चष्मा आला. भिंगं काचेच्या पेपरवेटएवढी जाड. पण देवा रे! रतनबाईच्या कपाळावर एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या? मी म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "तुमी बघत नव्हता तवा." शाई काळीभोर आहे. मागची पानं चाळली, एकावर एक चढलेल्या ओळी बघून माझी मलाच लाज वाटली.

मग चाकूंची पेटी काढली. एकेक पातं उजेडात धरलं.

रामपुरीवर आणि पितळीवर ओरखडे आहेत, आडवेतिडवे, पाट्यावर घासल्यासारखे. ते बघितलं आणि न वाटलेली चटणी आठवली. पण सांबरशिंगी चाकू मी त्या नव्याकडं दिलाच नव्हता, रागानं कोपऱ्यात टाकला होता. त्याच्यावर एकही ओरखडा नाही. धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी गोल केलेली, हलक्या हातानं, वर पॉलिश करून तेल लावलेलं. पात्याची कणभर झीज नाही. उद्या धार लावायची म्हटली तर सहज लागेल. असं काम चुकून होत नाही, आणि आळशी माणसाकडूनही होत नाही. या जिल्ह्यात असं करू शकणारा हात एकच आहे.

पेटी घेऊन रतनबाईपुढं बसलो. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही.

"मीच सांगितलं त्यास्नी," ती म्हणाली. "माझं बोट कापलं, उद्या तुमचा हात जाईल. चाकू काढून घेतलं आसतं तर तुमी जेवला नसता. डोळं गेलं म्हनलं आसतं तर मानला नसता, दवाखान्याला तर न्हाईच न्हाई. मग म्हनलं, खिशात ऱ्हावू द्या, धार तेवढी न्या. खाजाभावजी पयले न्हाईच म्हनले. शिकलगारानं धार मारायची म्हंजी पाप, म्हनले. मी पाया पडले. मग कबूल झाले. शपथ घातली मी, ह्यांना सांगू नगा म्हनून."

"आणि मी गावभर बोंबललो ते?"

"ते बी मी सांगितलं त्यास्नी, की आता खरं काय ते बोला. तर म्हनले, वैनी, शपथ हाय. त्याला सोताहून दिसू द्या."

मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं. पण तिच्या बोटावरचा वण दिसला. चांगला लांब आहे. हिनं मधे हात घातलाच नव्हता. ती नेहमीसारखी फोड घ्यायला थांबली होती आणि मीच पेरू सोडून तिचं बोट कापलं होतं.

भाकरी तव्यावर करपली.

२४ मार्च

पाझर तलावाच्या कामावर गेलो. ऊन रणरणतंय. बायामाणसं पाट्या वाहत होती. खाजा एका खडकाच्या सावलीत भाकरी सोडून बसला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. 

त्यानं वर बघितलं. "काय रं ही भिंगं? घुबड दिसतोयस."

"खाजा..."

"दिसतंय का आता?"

"दिसतंय."

"बास मग. बस."

मी बसलो. मग बांध फुटला. मी काय बोललो ते लिहिता येणार नाही. रडलो, हे लिहितो. तो म्हणाला, "गप. दुष्काळानं आनलं मला हितं, तू न्हाई." खोटं बोलतो. त्याला जन्मात नीट खोटं बोलता आलं नाही, म्हणून त्या दिवशी रतनबाईकडं बघत होता.

त्यानं कमरेचं फडकं सोडलं. आत शिसवी मुठीचा चाकू. रोज कमरेला लावून कामावर आणत होता. मूठ त्याच्या घामानं काळीभोर झाली आहे.

"समद्यांची धार मारली," तो म्हणाला. "ह्याच्यावर अब्बांचा हात हाय. चाकाला लावला आन् माझा हातच चालंना. धारेसकट तुला द्यावा तर तू बोटं छाटून घेशील. म्हनून ठिवला. चोर म्हनलास, ऐकून घेतलं. काय करनार?"

चाकू त्यानं माझ्या हातात दिला नाही. दोघांच्या मधे मातीत ठेवला. "उचल."

मी उचलला. उघडला. त्यानं कांदा पुढं केला. पातं कांद्यातून पाण्यातनं जावं तसं गेलं. एक फाक त्याला दिली, एक मी घेतली. त्यानं फाकेला हात पुढं केला तेव्हा मला त्याचा हात नीट दिसला. अंगठ्याचं नख काळं पडून निघून गेलंय. बोटांची पेरं सुजलीत, चाकूच्या मुठीएवढी जाड, आणि सरळ होत नाहीत. कांद्याची फाक त्या बोटांतून दोनदा निसटली.

मी चष्मा काढून ठेवला. कांद्याचं निमित्त होतं.

३ एप्रिल, बाजार

खाजाचं चाक मी स्वतः ढकलत पिंपळाखाली नेलं. तो नको नको म्हणत होता. छगनला बोलावलं, खाटकाला बोलावलं, विळे-कोयतेवाल्यांना हाका मारल्या. मधोमध उभा राहून सांगितलं, की धार खाजाची गेली नव्हती, डोळे माझे गेले होते. आणि चोर म्हणालो ती जीभ माझी, ती झडो. गर्दी चांगली जमली. खाजा मान खाली घालून म्हणत होता, "आता पुरं कर की तमाशा."

पहिला चाकू माझा. सांबरशिंगी मी पोत्यावर ठेवला, त्यानं उचलला. चाक मी फिरवत होतो, त्यानं पातं धरलं. बोटं वळत नव्हती, म्हणून दोन्ही हातांनी धरलं. पातं एकदा थरथरलं. ठिणग्या पूर्वीसारख्या एका रेषेत न उडता इकडं तिकडं उडाल्या. त्यानं बराच वेळ घेतला. सगळे बघत होते, छगन वस्तऱ्यांची पिशवी छातीशी धरून.

त्यानं चाकू पोत्यावर ठेवला. मी उचलला. जाड भिंगांतून पातं नीट बघितलं, अंगठ्यावर फिरवलं. टोकाकडं धार लागलेलीच नाही. मधे एक खाचही पडली आहे.

खाजा माझ्याकडं बघत होता. त्यालाही ठाऊक होतं.

मी चाकू मिटून खिशात घातला आणि छगनला म्हटलं, "एक नंबर. दे तुझे वस्तरे."